हातमोज्यांची परीक्षा

“ब्रेकवर बोट टेकलंय की नाही, हे कळायला हवं रे मला,” आई म्हणाली. “हे म्हणजे हाताला गादी बांधल्यासारखं झालं.”

प्रफुल्ल बागूलनं ते फुगीर हातमोजे तिच्या हातातून अलगद ओढून काढले आणि काउंटरवरच्या ढिगात टाकले. “ताई, हे बर्फात मोटरसायकल चालवणाऱ्यांचे. मी आधीच सांगत होतो. तुम्हीच म्हणालात, सगळ्यांत गरम दे.”

“गरम दे म्हणाले. रजई दे नाही म्हणाले.”

जानेवारीतली दुपार होती. नाशिकच्या कॉलेज रोडमागच्या गल्लीत प्रफुल्लचं सायकलचं दुकान. दाराशी स्टँडवर एक सायकल कायमची जखडून ठेवलेली. आई एकेक जोड चढवायची, त्या सायकलचं हँडल धरायची, डोळे मिटायची आणि नुसत्या तर्जनीनं ब्रेक ओढायची. मग नाही म्हणायची. मी स्टुलावर तिची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. वधूपरीक्षेला आल्यासारखं वाटत होतं, आणि मुलाकडची बाजू फार चोखंदळ होती.

“हे बघा,” प्रफुल्लनं खालच्या खणातून एक जोड काढला. अंगठा वेगळा, मग दोन बोटं एकत्र, मग आणखी दोन एकत्र. “बोटं एकमेकांना ऊब देतात. परदेशात हेच वापरतात.”

आईनं घातले आणि माझ्यासमोर हात नाचवले. “ऋजू, खेकडीण दिसतेय की नाही?”

“शोभतंय तुला.”

“आईला असं बोलतात? काढ रे हे. पुढच्या जन्मी घेईन.”

प्रफुल्ल हसला, पण त्याची नजर तिच्या बोटांवर होती. नखं काळसर पडली होती. त्याला माहीत होतं. सायकल क्लबातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. आईला आतड्याचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया दिवाळीआधी झाली आणि मग केमो सुरू झाली. त्या औषधाचं असं होतं, की गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचायच्या. स्टीलचं भांडं, नळाचं पाणी, दाराची कडी. फ्रिज तर तिनं कित्येक दिवस उघडला नव्हता.

घरात बाबांनी त्याची व्यवस्था लावली होती. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. प्रत्येक कडीला, नळाच्या चावीला, चमच्याच्या दांड्याला त्यांनी सुती पट्टी गुंडाळली, कडा बरोबर जुळवून. आईचं ताट जेवणाआधी गरम पाण्यात बुडवून पुसून ठेवायचे. फ्रिजमधलं दूध तेच काढायचे. यातलं काहीही करताना ते बोलायचे नाहीत. आईचा हात हातात घेऊन बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. पट्टी सैल झाली का, हे मात्र रोज पाहायचे.

आणि आईला त्या रविवारी सायकल चालवायची होती.

शाळेत भूगोल शिकवायची ती. निवृत्त झाल्यावर सायकल शिकली, साधी नव्हे, जाड टायरांची, डोंगरातली. गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला एक पायवाट तिनंच शोधून काढली होती. गवतातून जायची, ओढा ओलांडायची आणि टेकाडावर चढून थेट पाण्यासमोर उभं करायची. दर हिवाळ्यात क्लब त्या वाटेवरून एकदा जायचा आणि पुढे आई असायची. डॉक्टरांनी पुढच्या केमोआधीच्या रविवारची परवानगी दिली होती. दमलात की थांबा, म्हणाले, आणि हात गार आणि ओले होऊ देऊ नका. गवत पहाटे दवानं निथळत असतं. म्हणून हे हातमोजे.

“एकदाच जाऊन यायचंय,” येताना गाडीत ती म्हणाली होती.

प्रफुल्लनं शेवटी आतल्या खोलीतून एक काळा जोड आणला. पातळ होता. बाहेरून रबरासारखा, आत मऊ लोकरी अस्तर, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी अडवणारा पडदा. मनगटाला लांब, आवळायचा पट्टा. आईनं घातले, डोळे मिटले, ब्रेक ओढला. पुन्हा ओढला. काउंटरवर एक बारीक नट पडला होता, तो चिमटीत उचलला.

“थांबा,” प्रफुल्ल म्हणाला. त्यानं कोपऱ्यातला छोटा फ्रिज उघडला आणि पाण्याची स्टीलची बाटली तिच्यासमोर धरली. बाटलीवर बाहेरून दव धरलं होतं.

मी उठले. “अरे, नको.”

“राहू दे,” आई म्हणाली.

तिनं बाटली हातात घेतली. आधी बोटांच्या टोकांनी, मग पूर्ण मुठीत. चेहरा आक्रसून ती वाट बघत होती. मग चेहरा सैल झाला. बाटली तिनं दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात. बराच वेळ ती बाटली धरून उभी राहिली, पाहुण्यांचं बाळ घेतल्यासारखी.

“लागत नाहीये,” ती म्हणाली. “ऋजू, गार लागत नाहीये मला.”

प्रफुल्लनं उगाच ढीग आवरायला घेतला. “वॉटरप्रूफ आहेत ताई. गॅरंटी.”

“तुझी गॅरंटी ठेव तुझ्यापाशी. आमच्याकडे वेगळी परीक्षा होते.” आई आता चांगलीच रंगात आली होती. “घरात वॉटरप्रूफ म्हणून काही आलं की हिच्या बाबांच्या हवाली करायचं. ही शाळेत असताना गमबूट घेतले, तर त्यांनी बुटांत कोरडं वर्तमानपत्र कोंबलं, वर वीट ठेवली आणि बूट रात्रभर पाण्याच्या बादलीत उभे केले. सकाळी कागद काढून उन्हात धरून बघितला. एका कोपऱ्यात जरा डाग होता.”

“मग?”

“मग काय, बूट परत. दुकानदार म्हणाला, साहेब, पोरगी शाळेत जाणार आहे की धरणात?”

माझ्या लहानपणची ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की मला तो कागदही आठवतो असं वाटतं. दप्तर, छत्रीचं कापड, बाबांचं घड्याळ, सगळं त्या बादलीतून गेलं होतं.

हातमोजे आईनं पिशवीत घालू दिले नाहीत. घरापर्यंत हातातच होते.

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. आईनं त्यांच्यापुढे दोन्ही हात धरले.

“कसे आहेत?”

त्यांनी चष्मा वर केला, हातमोज्यांची शिवण पाहिली, मनगटाचा पट्टा ओढून पाहिला. “बरे आहेत.”

“वॉटरप्रूफ आहेत.”

“लिहायला काय जातंय.”

“प्रफुल्लनं फ्रिजमधली बाटली हातात दिली होती. काही झालं नाही.”

बाबांनी पेपर घडी केला. “त्या वाटेवर ओढा लागतो ना?”

“लागतो की. यंदा पाणी आहे म्हणे गुडघ्याएवढं.”

“सायकल उचलून न्यावी लागते?”

“वंदना उचलेल माझी. मी नुसती चालेन पाण्यातून.”

“पडलीस तर?”

“पडले तर उठेन. नाहीतर बसून राहीन. धरण दिसतं तिथून.”

हे ती हसत म्हणाली. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिच्या उजव्या हातातला मोजा काढला, मग डावा, दोन्ही एकमेकांवर नीट ठेवले.

“बघतो,” ते म्हणाले.

“काय बघता?”

“गळतात का.”

आई माझ्याकडे बघून हसली. मी तुला म्हटलं नव्हतं, असं.

शनिवारी संध्याकाळी तिनं जर्सी, गुडघ्याचे पॅड, हेल्मेट असं सगळं खुर्चीवर मांडलं, शाळेच्या सहलीला जाणाऱ्या मुलीसारखं. बाबांनी अंगणात सायकलच्या चाकांत हवा भरली आणि चेनला तेल दिलं. हे ते नेहमीच करायचे. क्लबात सगळे म्हणायचे, कुमुदताई, नशीबवान आहात, एवढी निगा कोण ठेवतो? आणि आई म्हणायची, सायकलची ना? हो, सायकलची फार ठेवतात. जेवण झाल्यावर ती म्हणाली, “अहो, ग्लोव्हज झाले का बघून?” बाबा म्हणाले, “मागे आहेत.” ती समाधानानं झोपायला गेली.

पहाटे मी चहा टाकायला उठले तेव्हा मागच्या पडवीतला दिवा लावला आणि दचकले.

कपड्यांच्या दोरीवर दोन हात लटकत होते. काळे, फुगलेले, बोटं खाली. मनगटं चिमट्यांनी दोरीला घट्ट धरलेली. वजनानं दोरी मध्ये झुकली होती. बुडालेल्या माणसाचे असावेत तसे हात. मी एका बोटाला हात लावला. ते टणक होतं, गार होतं आणि आत पाणी डुचमळलं.

बाबा माझ्यामागे येऊन उभे होते. स्वेटर, कानटोपी, पूर्ण जागे.

“रात्रभर भरून ठेवले होते,” ते म्हणाले. खालच्या फरशीकडे बोट दाखवलं. “बघ. एक थेंब नाही.”

“बाबा, ती आता अर्ध्या तासात निघणार आहे.”

“चांगले आहेत. गळत नाहीत.”

मी चिमटे काढले. दोन्हींतून पाणी मोरीत ओतलं, भडाभडा आलं. मग पिळायला घेतले. बाहेरचं कातडं पिळलं जाईना. आतली लोकर पाण्यानं गच्च झाली होती आणि तो पडदा, बाहेरचं पाणी आत न येऊ देणारा, आतलंही बाहेर जाऊ देत नव्हता. दाबलं की बोटांतून बोटांत सरकायचं. मी जुन्या ओढण्या कोंबल्या, गॅस लावून वर धरले, इस्त्री काढली. रबर जळल्याचा वास आला. बाबा दारात उभे राहून बघत होते. “जपून,” ते म्हणाले. “अस्तर सुटेल.”

आई आली तेव्हा तिनं जर्सी घातली होती, केस बांधले होते. पडवीत पाणी, ओढण्या, इस्त्री. तिनं सगळं एकदा बघितलं.

“दे,” ती म्हणाली.

“आई, ओले आहेत आतून. गार आहेत.”

“बघू दे मला.”

तिनं उजवा हात आत घातला. बोटं टोकापर्यंत गेली आणि ती ओरडली. केमोच्या एवढ्या दिवसांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. हात झटकून बाहेर ओढला, तर आतलं अस्तरही बोटांना चिकटून उलटं बाहेर आलं, गर्भातून काहीतरी ओढल्यासारखं. पाचही बोटांच्या पिशव्या लोंबत राहिल्या. ती हात काखेत दाबून पायरीवर बसली. बाबा आत गेले, गरम पाण्याची पिशवी घेऊन आले आणि तिच्या मांडीवर ठेवली. पिशवी भरलेली होती. आधीच भरून ठेवली होती त्यांनी. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

“लोकरीचे घाल,” मी म्हणाले. “वरून दुधाच्या पिशव्या बांधते.”

आम्ही तेही करून पाहिलं. ब्रेकवरून प्लॅस्टिक सटकायचं. अंगणातल्या अंगणात ती एक फेरी मारायला गेली आणि तुळशीच्या कट्ट्याला जाऊन आपटली. पडली नाही. उतरली, सायकल भिंतीला लावली, पिशव्या सोडल्या.

फाटकाबाहेर घंट्या वाजल्या. धुक्यात दिवे हलत होते. वंदना गायधनी, आईची क्लबातली मैत्रीण, फाटकावर वाकून ओरडली, “कुमुदताई, चला! आज पुढे कोण राहणार?”

आई शाल गुंडाळून फाटकाशी गेली. मी मागे होते.

“तू रहा पुढे. माझी बोटं बिनसलीत जरा.”

“अहो, ग्लोव्हज घेतलेत ना? प्रफुल्ल सांगत होता.”

“घेतलेत. छान आहेत. पण आज नको.”

“मग पुढच्या रविवारी जाऊ. तुमच्यासाठी परत जाऊ.”

“हो हो. ओढ्यापाशी डावीकडून जा, उजवीकडे दगड निसरडे आहेत.”

दिवे गेले. आई तिथेच उभी राहिली. शेवटची घंटी ऐकू येईनाशी झाल्यावरही उभी होती. बाबांनी व्हरांड्यातून हाक मारली, “अगं, वारा लागेल.”

दुपारी बाबा झोपल्यावर आम्ही दोघी पडवीत उन्हाला बसलो होतो. हातमोजे आमच्यामध्ये पडले होते. मी चिमट्यानं आतली उलटलेली बोटं पुन्हा सरळ करायचा प्रयत्न करत होते.

“मूर्खपणा तरी किती करावा माणसानं,” मी म्हणाले. “इंजिनिअर म्हणे. आत पाणी भरून कोण बघतं?”

आईनं उन्हात बोटं पसरली.

“बरोबर ना? इतकी साधी गोष्ट.”

“ऋजू,” ती म्हणाली, “तुझ्या गमबुटात त्यांनी काय भरलं होतं?”

मी मान वर केली.

“बुटात काय, छत्रीच्या खाली काय, माझ्या त्या शबनम पिशवीत काय? जन्मभर या माणसानं कोरडा कागद आत घातलाय आणि पाणी बाहेर ठेवलंय. धरणाची भिंत बांधलीय त्यांनी. पाणी कुठं अडलं की कुठं साचतं, हे त्यांना झोपेत कळतं.”

माझ्या हातातला चिमटा अस्तरात तसाच राहिला. “म्हणजे तू म्हणतेस…”

“मी काही म्हणत नाही.”

“मी आत्ता विचारते त्यांना.”

“नाही विचारायचंस. माझ्यासमोर तर मुळीच नाही.” तिनं चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. “घाबरले असतील.”

“मग तसं सांगायचं! जाऊ नकोस म्हणायचं. तोंड नाही का त्यांना?”

“तेच तर.” ती हातमोज्याच्या मनगटावरचा पट्टा लावत होती, काढत होती. “तोंडानं एकदा म्हणाले असते ना, कुमुद, मला भीती वाटते, नको जाऊस, तर मी थांबले असते. आनंदानं थांबले असते गं. सायकल त्याच दिवशी विकून टाकली असती.”

मग ती उठली आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी पडवी पुसून घेऊ लागली, कारण पाणी अजून सांडलेलं होतं.

पुढच्या रविवारी ती केमोनंतरच्या ग्लानीत होती. त्याच्या पुढच्या रविवारी रक्तातल्या पेशी उतरल्या म्हणून दवाखान्यात. मग गाठी यकृतात निघाल्या आणि रविवार मोजणं आम्ही सोडलं. हातमोजे वाळायला आठवड्याहून जास्त लागले. वाळले तेव्हा त्यांना कोंदट वास होता. आई वैशाखात गेली. शेवटच्या दिवसांत बाबा तिच्या उशाशी बसून पलंगाच्या लोखंडी कठड्याला पट्टी गुंडाळत होते. आधी गुंडाळलेली सोडून, पुन्हा.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी त्यांना विचारलं नाही. आईनं सांगितलं होतं म्हणून, आणि उत्तर मिळणार नाही हे माहीत होतं म्हणूनही. मी पुण्याहून महिन्यातून एकदा नाशिकला जाते. स्वयंपाकाच्या बाई येतात. कड्यांवरच्या पट्ट्या अजून तशाच आहेत, मळून काळ्या झालेल्या.

गेल्या हिवाळ्यात वंदना गायधनी आली होती. त्या वाटेवरच्या दरवर्षीच्या फेरीला क्लबानं आईचं नाव दिलं आहे, त्याचं आमंत्रण घेऊन. फोटो हवा होता. मी कपाटातून आईची पेटी काढली. फोटोंच्या खाली ते हातमोजे होते.

“अय्या, हेच का ते?” वंदनानं उचलून घेतले. “प्रफुल्ल अजून सांगतो, ताईंनी अख्खं दुकान खाली उतरवलं होतं. बिचारीला घालायला मिळाले नाहीत.”

“फार उत्तम होते,” बाबा खुर्चीतून म्हणाले. त्यांचा आवाज आता कापतो. “मी स्वतः पाहिले होते. रात्रभर ठेवले, एक थेंब गळला नाही.”

“काका म्हणजे काका,” वंदना हसून म्हणाली. फोटो घेऊन ती गेली.

मी फाटक लावून परत आले. बाबा हातमोज्यांकडे बघत होते.

“बाबा,” मी म्हणाले, “माझ्या गमबुटात तुम्ही कागद घातला होतात ना?”

“हो तर. वर्तमानपत्र. ओल आली की लगेच कळते कागदावर.”

“मग यांच्यात का नाही घातलात?”

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता. एवढ्या वर्षांनी, आता. मी उभीच होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला.

“बोटांत कागद जात नाही,” ते म्हणाले. आणि जरा वेळानं, “चहा टाकतेस?”

मी चहा टाकला. त्यांना दिला. ते फिरायला गेल्यावर टेबलावरचा त्या दिवशीचा पेपर घेतला, उभ्या पट्ट्या फाडल्या आणि एकेकीची सुरळी केली. डावा हातमोजा घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.

गेला. सगळ्या बोटांत गेला, पार करंगळीच्या टोकापर्यंत.